कोड आणि काळी गाठ

आमच्या घरात 'कोड' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. मी पोटासाठी कोड लिहितो, आणि माझ्या आत्याला कोड आहे. एकोणिसाव्या वर्षी तिच्या डाव्या मनगटावर पहिला पांढरा डाग उठला. मासे खाऊन वर दूध प्यायली असेल, असं निदान वाड्यातल्या बायकांनी केलं. (आमच्या घरात मासे शिजतच नव्हते.) स्थळं यायची, चहाचा कप घेताना मनगटाकडे बघायची आणि परत जायची. आत्याचं लग्न झालं नाही. तिने शिवणाचे क्लास चालवले, भावंडांची शिक्षणं केली, आणि आजही फोटो काढताना ती हात पदराखाली घेते.

दोनेक वर्षांपूर्वी मेलॅनोमावरच्या एका शोधनिबंधात मला एक विधान सापडलं. मेलॅनोमा म्हणजे त्वचेतल्या रंगपेशींचा कॅन्सर. प्रतिकारशक्तीच्या औषधांवर असलेल्या मेलॅनोमाच्या रुग्णांच्या अंगावर कोड उठलं, तर असे रुग्ण सरासरीने जास्त जगतात, असं ते विधान होतं. म्हणजे ज्या डागामुळे आत्याचं लग्न मोडत गेलं, तो डाग दुसऱ्या कुणाच्या अंगावर दिसला तर डॉक्टरांना हायसं वाटतं. मी डॉक्टर नाही, माझं जीवशास्त्र बारावीला सुटलं. पण त्या विधानाने मला सोडलं नाही. जमेल तसं वाचत गेलो, आणि हाती लागला तो एका शतकाच्या हट्टाचा इतिहास.

मेलॅनोमा हा विचित्र आजार आहे, हे जुन्या डॉक्टरांनाही ठाऊक होतं. कधी कधी काखेतल्या लसिकाग्रंथीत काळी गाठ सापडते, पण ती जिथून आली तो मूळ तीळ अंगभर शोधूनही मिळत नाही. कधी तिळाभोवती पांढरं कडं तयार होतं आणि तीळच विरून जातो. शरीर स्वतःहून काहीतरी करत असावं, अशी शंका यायला एवढं पुरेसं होतं. पण शंका आणि पुरावा यांत फार अंतर असतं.

ते कापण्याचा पहिला धाडसी प्रयत्न न्यूयॉर्कच्या विल्यम कोली या सर्जनने १८९१ साली केला. मानेवर सार्कोमाची गाठ असलेला एक रुग्ण विसर्प नावाच्या जिवाणूजन्य तापातून उठला आणि त्याची गाठ नाहीशी झाली, अशी नोंद त्याला इस्पितळाच्या जुन्या कागदांत सापडली. कोलीने त्या माणसाला शहरभर हुडकून काढलं. तो ठणठणीत होता. मग कोलीने दुसऱ्या एका रुग्णाला मुद्दाम तेच जिवाणू टोचले. तो रुग्ण मरता मरता वाचला, आणि गाठ विरघळली. पुढे मेलेल्या जिवाणूंचं मिश्रण वापरून त्याने शेकडो लोकांवर उपचार केले. काही बरे झाले, बरेच झाले नाहीत, आणि का ते कुणालाच सांगता येईना. तोवर क्ष-किरण आले होते. त्यांचा डोस मोजता यायचा. कोली १९३६ साली वारला तेव्हा त्याचं औषध जवळपास अडगळीत गेलं होतं.

१९५७च्या सुमारास बर्नेट आणि थॉमस यांनी मांडलं की प्रतिकारयंत्रणा अंगात सतत गस्त घालत असते आणि कॅन्सरच्या पेशी उगवताच टिपते. कल्पना सुंदर होती. १९७४ साली ओसियास स्टुटमनने ती तपासायला असे उंदीर घेतले ज्यांच्यात टी-पेशी जवळजवळ नसतात. गस्तच नसेल तर कॅन्सर जास्त व्हायला हवा. झाला नाही. गस्तीची कल्पना कोपऱ्यात गेली आणि पुढची पंचवीस वर्षं या विषयात काम करणाऱ्यांकडे भाबडे म्हणून बघितलं गेलं. त्या उंदरांत थोड्या टी-पेशी शिल्लक असतात, शिवाय दुसऱ्या प्रकारच्या मारेकरी पेशीही असतात, हे नंतर कळलं. २००१ साली रॉबर्ट श्रायबर यांच्या गटाने टी आणि बी या दोन्ही पेशी अजिबात नसलेले उंदीर घेऊन प्रयोग केला, आणि त्यांच्यात कॅन्सर खरोखरच जास्त निघाला. टेस्ट चुकीच्या एन्व्हायर्नमेंटवर चालवली की काय होतं, ते आम्हा प्रोग्रॅमरांना वेगळं सांगायला नको. फरक एवढाच की आमचा एखादा आठवडा जातो.

या पडत्या काळात स्टीव्हन रोझेनबर्ग नावाचा सर्जन तग धरून होता. १९६८ साली, शिकाऊ असताना, त्याने एका माणसाच्या पित्ताशयाचं ऑपरेशन केलं. त्या माणसाला बारा वर्षांपूर्वी जठराचा कॅन्सर झाला होता, तो यकृतात पसरला होता, आणि डॉक्टरांनी पोट शिवून त्याला मरायला घरी पाठवलं होतं. रोझेनबर्गने यकृत चाचपून पाहिलं. कॅन्सरचा मागमूस नव्हता. हे कोडं त्याने आयुष्यभर सोडलं नाही.

टी-पेशी वाढवणारं इंटरल्युकिन-२ हे प्रथिन हाताशी आल्यावर त्याने अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत रुग्णांना ते द्यायला सुरुवात केली. एकामागून एक रुग्ण गेले. साठच्या वर अपयशं झाली. १९८४च्या अखेरीस नौदलातली एक तरुण अधिकारी आली, तिचा मेलॅनोमा अंगभर पसरलेला होता. तिला आधीच्यांपेक्षा कितीतरी मोठे डोस दिले. रक्तवाहिन्या पाझरतात, रक्तदाब कोसळतो, फुफ्फुसात पाणी भरतं, असं ते औषध. ती मरणाच्या दारात जाऊन आली. काही महिन्यांत तिच्या गाठी गेल्या, आणि परत आल्या नाहीत.

साठ माणसं गेल्यावर पुढच्याला डोस वाढवून द्यायचा, याला चिकाटी म्हणायचं की आणखी काही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. ती अधिकारी बरी झाली नसती तर आपण त्याला काय म्हटलं असतं?

पण कोडाचा धागा इथेच हाती येतो. हे औषध मूत्रपिंडाच्या कॅन्सरलाही दिलं जायचं आणि मेलॅनोमालाही. मेलॅनोमाच्या काही रुग्णांच्या अंगावर पांढरे डाग उठत होते, आणि ते मुख्यतः औषध लागू पडलेल्यांच्या अंगावर. मूत्रपिंडाच्या रुग्णांत एकाच्याही नाही. १९९६ साली रोझेनबर्गने हे छापलं तोवर कारणही दिसू लागलं होतं. १९९१ साली ब्रसेल्समध्ये थियरी बून यांच्या गटाने मेलॅनोमाच्या पेशीवरचं नेमकं काय बघून टी-पेशी तिला ओळखतात, ते पहिल्यांदा शोधलं. मागोमाग अशी आणखी प्रथिनं सापडली, आणि त्यांतली कित्येक कॅन्सरची नव्हतीच. ती साध्या, निरोगी रंगपेशीची होती. त्वचेला रंग देणारं टायरोसिनेज हे त्यांतलंच. टी-पेशी काळ्या गाठीवर तुटून पडतात तेव्हा त्या खरं तर रंगपेशीची ओळख पटवून मारत असतात. मग वाटेतला निर्दोष रंगही जातो.

(सगळंच असं नाही. उन्हामुळे मेलॅनोमाच्या डीएनएत इतर बहुतेक कॅन्सरांपेक्षा जास्त बिघाड साचतात, त्यातून अगदी परकी प्रथिनं बनतात, आणि आज टी-पेशींचं मुख्य लक्ष्य तीच मानली जातात.)

लक्ष्य सापडलं म्हणजे लस करता येईल, असं सगळ्यांना वाटलं. २००४ साली रोझेनबर्गनेच हिशेब मांडला: ४४० रुग्णांना लसी दिल्या, गाठ लक्षणीय आकसली ती २.६ टक्क्यांत. टी-पेशींना शत्रू दाखवून भागत नव्हतं. त्यांना कुणीतरी धरून ठेवलं होतं.

धरून ठेवणारा हात जेम्स अ‍ॅलिसनला सापडला. टेक्सासमधल्या अ‍ॅलिस नावाच्या गावचा हा माणूस, लहानपणीच आई कॅन्सरने गेलेली, माउथ ऑर्गन वाजवणारा. टी-पेशीवरचा सीटीएलए-४ हा रेणू ब्रेकचं काम करतो, हे त्याने आणि इतरांनी दाखवलं. मग त्याच्या मनात आलं, हा ब्रेक काढला तर? डॅना लीच या सहकाऱ्याने उंदरांवर करून पाहिलं आणि गाठी नाहीशा झाल्या. अ‍ॅलिसनचा विश्वास बसेना. नाताळच्या सुट्टीत प्रयोग पुन्हा लावला. लीचने औषध टोचलं आणि तो प्रवासाला गेला. कुठल्या पिंजऱ्यात औषध आहे हे अ‍ॅलिसनला माहीत नव्हतं. तो रोज गाठी मोजायचा. दोन आठवडे सगळ्या पिंजऱ्यांत गाठी वाढतच होत्या. संपलं, असं त्याला वाटलं. आणि मग काही पिंजऱ्यांत वाढ थांबली, गाठी उतरू लागल्या.

ते आतड्याच्या कॅन्सरचे उंदीर होते. १९९९ साली त्याच्याच गटाने मेलॅनोमावर प्रयोग केला, ब्रेक काढणं आणि लस दोन्ही एकत्र. गाठी गेल्या, आणि त्या काळ्या कुळकुळीत उंदरांच्या अंगावर पांढऱ्या केसांचे पट्टे आले. उंदरांना कोड झालं.

त्या दोन आठवड्यांनी पुढे माणसांतही घोळ घातला. कॅन्सरचं औषध मापायचे नियम केमोथेरपीच्या काळातले होते. गाठींचं माप २० टक्क्यांनी वाढलं की आजार बळावला, उपचार थांबवा. केमोथेरपीला हा नियम ठीक होता. पण इथे टी-पेशींची फौजच गाठीत घुसली तर गाठ आधी सुजते, स्कॅनवर मोठी दिसते, आणि कधी कधी काही महिन्यांनी वितळते. मी एकदा कामावर तीस सेकंदांच्या टाइमआउटने चांगली चाललेली प्रोसेस पुन्हा पुन्हा मारत होतो आणि ती पूर्ण का होत नाही म्हणून रात्रभर शोधत बसलो होतो. तसाच प्रकार, फक्त इथे प्रोसेस म्हणजे माणूस.

अशाच दुसऱ्या औषधाची मोठी ट्रायल फायझरने २००८ साली फरक दिसत नाही म्हणून मध्येच थांबवली. अ‍ॅलिसनच्या कामातून निघालेल्या इपिलिमुमॅबवाल्यांनी मात्र मोजण्याची गोष्टच बदलली. गाठ किती आकसली ते नको, माणूस किती जगला ते मोजू. २०१० साली ६७६ रुग्णांचे आकडे आले. निम्मे रुग्ण हयात राहण्याचा काळ ६.४ महिन्यांवरून १०.१ महिन्यांवर गेला होता. ऐकायला किरकोळ वाटतं, पण पसरलेल्या मेलॅनोमात जगणं लांबवणारं हे पहिलं औषध. त्यापायी जीवही गेले. त्या ट्रायलमधले १४ मृत्यू औषधांमुळे झाले होते.

पुढचं वेगात झालं. क्योटोच्या तासुकु होंजो यांच्या प्रयोगशाळेत १९९२ साली सापडलेला पीडी-१ हा दुसरा ब्रेक निघाला. त्यावरची औषधं २०१४ साली बाजारात आली. मेंदूपर्यंत मेलॅनोमा पोचलेले जिमी कार्टर २०१५ साली त्यांतलंच एक घेऊन शंभरी गाठून गेले. २०१८ साली अ‍ॅलिसन आणि होंजो यांना नोबेल मिळालं. दोन्ही ब्रेक एकत्र काढलेल्या रुग्णांत दहा वर्षांनी ४३ टक्के हयात होते.

आपल्याकडे मेलॅनोमा कमीच, पण ही औषधं इतर कॅन्सरांनाही लागतात आणि त्यांची किंमत आपल्या आवाक्याबाहेरची. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी तोंड-घशाच्या कॅन्सरच्या १५१ रुग्णांवर त्यातलं निव्होलुमॅब नेहमीच्या डोसच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी देऊन पाहिलं. वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेलं. या सगळ्या इतिहासात मला सगळ्यात आपला वाटलेला प्रयोग हाच.

गेल्या दिवाळीत हे सगळं मी आत्याला सांगितलं. टायरोसिनेजच्या जनुकाचा एक प्रकार असा आहे की तो असला तर कोडाची शक्यता वाढते आणि मेलॅनोमाची कमी होते, हेही सांगितलं. हा अभ्यास गोऱ्या लोकांवरचा आहे, तुला मेलॅनोमा व्हायची शक्यता तशीही नगण्यच होती, हे सांगायचं मी टाळणार होतो, पण सांगितलं.

ती चकलीचं पीठ मळत होती. "म्हणजे माझे शिपाई चांगलेच आहेत म्हण की," ती म्हणाली. "चोर नसताना घरच्यालाच बडवत बसले."

मग तिने विचारलं, त्यांना आवरायचं औषध नाही का निघालं? निघालंय, मी म्हणालो. टी-पेशींचा जोर कमी करणारं मलम २०२२ पासून अमेरिकेत कोडावर देतात. बऱ्याच जणांचा, विशेषतः चेहऱ्यावरचा, रंग परत येतो. हातावर कमी.

"केवढ्याला आहे?"

मी सांगितलं. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "राहू दे. सोऱ्या दे इकडे, आणि गॅस लाव."