सर्पगंधा: मुळीपासून बीपीच्या गोळीपर्यंत

"डॉक्टर, बीपीची गोळी बंद केली. आता आयुर्वेदिक सुरू केलंय, त्याचा साइड इफेक्ट नसतो ना!" हे वाक्य ओपीडीत वरचेवर कानावर पडतं. मग पिशवीतून एक डबी निघते आणि तिच्यावरच्या बारीक अक्षरांत कधी कधी एक नाव दिसतं: सर्पगंधा. आज या सर्पगंधेचा इतिहास सांगतो. आयुर्वेद की अ‍ॅलोपॅथी, या नेहमीच्या भांडणात तो कुठेच बसत नाही.

सर्पगंधा हे हातभर उंचीचं झुडूप. औषधी भाग म्हणजे त्याची मुळी. आपल्याकडे ती साप चावल्यावर, झोप येत नसल्यावर आणि वेड लागलेल्या माणसाला शांत करण्यासाठी शतकानुशतकं दिली जात होती. बिहारकडे तर तिला लोक 'पागल की दवा' असंच म्हणत.

१९३१ मध्ये कोलकात्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी एक लेख छापला: ही मुळी वेडावर तर चालतेच, शिवाय वाढलेला रक्तदाबही उतरवते. यातले गणनाथ सेन हे कविराज, म्हणजे बंगालमधले वैद्य, आणि मेडिकल कॉलेजात शिकलेले डॉक्टरही. त्याच सुमारास दिल्लीत हकीम अजमल खान यांच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमान सिद्दिकी हे रसायनशास्त्रज्ञ या मुळीतले घटक वेगळे करत होते. एका घटकाला त्यांनी हकीमसाहेबांचं नाव दिलं, अजमलीन. हृदयाच्या ठोक्यांच्या काही तपासण्यांत ते आजही वापरतात. एका मुळीवर वैद्य, हकीम, डॉक्टर आणि केमिस्ट असे सगळे काम करत होते, आणि कुणाला त्यात कमीपणा वाटला नाही.

पुढचा टप्पा आपल्या मुंबईतला. डॉ. रुस्तम जाल वकील हे केईएम हॉस्पिटलमधले हृदयरोगतज्ज्ञ. १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये त्यांनी बीपीच्या ५० रुग्णांवरचा सर्पगंधेचा अनुभव आकड्यांसकट मांडला. औषध सुरू करण्याआधी दाब किती, नंतर किती, त्रास काय झाला, हे सगळं त्यात होतं. तो काळ डोळ्यांसमोर आणा. बीपीवर धड औषधच नव्हतं. मीठ तोडायचं, पडून राहायचं, फारच झालं तर मज्जातंतू कापण्याचं ऑपरेशन करायचं. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट १९४५ मध्ये मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले, तेव्हा त्यांचं वरचं बीपी ३०० होतं. त्यांच्या डॉक्टरांकडेही याहून वेगळं काही नव्हतं. वकिलांचा लेख वाचून जगभरचे डॉक्टर जागे झाले. १९५७ मध्ये त्यांना अमेरिकेतला मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला. केईएमच्या वॉर्डातली ही गोष्ट आपल्या शाळेच्या पुस्तकांत का नाही, हे मला न सुटलेलं कोडं आहे.

१९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी मुळीतला मुख्य घटक वेगळा काढला: रिसर्पिन. मज्जातंतूंच्या टोकांशी काही रसायनांचा साठा असतो. रिसर्पिन तो रिकामा करतं, म्हणून रक्तवाहिन्या सैलावतात, नाडी मंदावते आणि मनही शांत होतं. वैद्यांनी पाहिलेले दोन्ही गुण खरेच होते. आता डोसही मोजता येऊ लागला. दिवसाला पाव मिलिग्रॅम किंवा त्याहूनही कमी.

मोजायला लागल्यावर दुसरी बाजूही दिसली. नाक चोंदणं, गुंगी, अ‍ॅसिडिटी, आणि जास्त डोस घेणाऱ्या काहींमध्ये खोल उदासी. काही रुग्णांच्या मनात तर आत्महत्येचे विचार आले. 'नैसर्गिक' मुळीतलाच घटक होता तो.

तरीही या औषधाचं ऋण मोठं आहे. १९६७ मध्ये अमेरिकेत माजी सैनिकांवर झालेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. १४३ पुरुष, सगळ्यांचं खालचं बीपी ११५ ते १२९. निम्म्यांना रिसर्पिनसह तीन औषधं एकत्र, निम्म्यांना नुसत्या खोट्या गोळ्या. खोट्या गोळ्या घेणाऱ्यांपैकी २७ जणांवर मृत्यू, पक्षाघात यांसारखं गंभीर संकट आलं. औषधवाल्यांत फक्त दोघांवर. बीपी उतरवलं की जीव वाचतो, याचा हा पहिला भक्कम पुरावा, आणि त्या गोळीत आपली सर्पगंधा होती.

आज रिसर्पिन मागे पडलंय, कारण त्याहून सोसवणाऱ्या गोळ्या आल्या. पण सर्पगंधेची चूर्णं आणि वट्या दुकानात मिळतातच. त्यातला घटक प्रत्येक मुळीत सारखा नसतो, त्यामुळे तुमच्या पोटात नेमकं किती गेलं हे ना तुम्हाला कळतं, ना मला. बीपीच्या गोळीवर ती घेतली तर दाब किंवा नाडी फारच उतरू शकते. डिप्रेशन असेल किंवा त्याची औषधं चालू असतील, तर ती घेऊच नका. ऑपरेशन ठरलं असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधी सांगा. आणि तिच्या भरवशावर चालू गोळी एकदम सोडली, तर काही गोळ्यांच्या बाबतीत बीपी उसळून वर येतं.

वैद्यांकडे जाऊ नका असं मी म्हणत नाही. फक्त त्यांना माझी चिठ्ठी दाखवा आणि मला त्यांची. डबीवरचं नाव वाचता येत नसेल तर पुढच्या खेपेला डबीच घेऊन या. मी रागावणार नाही.