आंबोलीच्या धुक्यातला आवाज

पूर्वी आपल्याकडे पावसाळ्यात वीज कडाडू लागली की घरातली वडील मंडळी आधी ओरडत, "रेडिओची एरियल काढा रे!" पोस्टातून लायसन काढून आणलेला तो रेडिओ घरातली जपायची वस्तू होती. पण आपल्याच रानात एक रेडिओ असा होता, की तो जपणे म्हणजे माणसे जपणे होते.

आंबोली आपल्याला नवी नाही. बेळगावकर वेंगुर्ला रस्त्याने जातात, निपाणीकर संकेश्वर-गडहिंग्लज-आजरा मार्गे. भजी खाऊन, धबधबा पाहून संध्याकाळी परततो. त्याच धुक्यात २५ नोव्हेंबर १९५५ रोजी गोवामुक्तीचे गुप्त नभोवाणी केंद्र सुरू झाले. त्याआधी तीनच महिने, १५ ऑगस्टला, गोव्याच्या हद्दीत शिरलेल्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगिजांनी गोळ्या झाडल्या होत्या. गोव्यात वृत्तपत्रांवर कडक नियंत्रण होते. खरी बातमी आत पोहोचवायची तर ती हवेतूनच.

हे काम उचलले वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो या दोघा तरुण गोमंतकीयांनी. दादरा-नगर हवेली मुक्त झाली तेव्हा हाती आलेल्या बिनतारी संचांतून प्रक्षेपक उभा राहिला. कोकणी आणि पोर्तुगीज भाषेत बातम्या, आवाहने आणि पोर्तुगीज प्रचाराला उत्तरे जाऊ लागली. पुढे केंद्र कॅसलरॉकच्या जंगलात हलले. लोंढ्याच्या पुढचे, गोव्याच्या सीमेवरचे हे स्टेशन आपल्या जुन्या लोकांना चांगले ठाऊक आहे.

बिनतारी यंत्राची एक खोड असते. बोलणारा दिसत नाही, पण त्याची दिशा कळते. दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून दिशा मोजली आणि नकाशावर दोन रेघा ओढल्या, की जिथे त्या मिळतात तिथे प्रक्षेपक सापडतो. म्हणून ठिकाण गुप्त ठेवणे ही पहिली खबरदारी. दुसरी खबरदारी यंत्राची. जुन्या व्हॉल्व्हच्या प्रक्षेपकात वीजदाब एवढा असे, की बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा भार शिल्लक राहू शके. प्रक्षेपण चालू असताना एरियलला हात लागला तर चटका ठरलेला. त्यात सह्याद्रीचा पाऊस आणि विजा! अर्थिंग नीट नसेल तर उंच तार म्हणजे विजेला आमंत्रणच.

तिसरी खबरदारी सर्वांत अवघड, ती माणसांची. १९४२ साली मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. पोलिसांना चुकवायला त्यांनी जागा बदलल्या. तरी १२ नोव्हेंबरला धाड पडली, कारण माहिती फुटली ती आतल्याच तंत्रज्ञाकडून. ते केंद्र जेमतेम तीन महिने चालले. आंबोली-कॅसलरॉकचे केंद्र मात्र सहा वर्षे चालले. एवढा काळ या दोघांनी घरदार, नोकरी, मित्रमंडळी यांच्यापासून दूर रानात काढला. आपण कुठे आहोत हे जवळच्यांनाही सांगायचे नाही, ही त्या खबरदारीची किंमत होती.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. तेव्हा या दोघांनी विमानातून, ध्वनिक्षेपकावरून ती बातमी गोव्याला सांगितली. सहा वर्षे लपलेला आवाज त्या दिवशी उघड्या आकाशात आला. पुढे दोघे विवाहबद्ध झाले. लिबियाताईंना वयाच्या शंभरीत, २०२५ साली, पद्मश्री जाहीर झाली.

आज विसर्जन मिरवणुकीत आपल्या कार्यकर्त्यांच्या हाती वॉकीटॉकी असतो. आता लपायचे कारण नाही, पण खबरदारी जुनीच आहे. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ हा पट्टा कमी शक्तीच्या संचांसाठी परवानामुक्त आहे. संच त्याच पट्ट्यातला आणि मान्यताप्राप्त घ्यावा, कारण भलत्या लहरीवर बोललो तर पोलीस किंवा रुग्णवाहिकेच्या संदेशात अडथळा येऊ शकतो. बोलताना अँटेना डोळ्यांपासून दूर धरावी, तुटलेल्या अँटेनाचा संच वापरू नये, भिजलेली बॅटरी चार्जिंगला लावू नये. आणि मोजके बोलावे. एक जण बटण दाबून गप्पा मारत बसला, तर गर्दीत चुकलेल्या मुलाची खबर देणाऱ्याला वाट मिळत नाही.

यंदा आंबोलीला गेलात तर धुक्यात क्षणभर थांबा. मुलांना सांगा, इथून एकदा गोव्याला स्वातंत्र्याची हाक गेली होती.