ओर्योलचे बालनाट्यगृह : एका प्रयोगाची चिकित्सा

रशियन राज्यक्रांतीनंतरच्या वर्षी, १९१८ मध्ये, आस्या लात्सिस (१८९१–१९७९) ही लाटवियन दिग्दर्शिका ओर्योल या शहरी दाखल झाली. सेंट पीटर्सबर्ग येथे बेख्तेरेव्ह यांच्या मनोविज्ञान-संस्थेत आणि मॉस्कोत कोमिसार्झेव्स्की यांच्या नाट्यशाळेत त्यांचे शिक्षण झाले होते. नगरातील नाट्यगृहात प्रौढांची नाटके बसवावीत, एवढीच त्यांच्याकडून अपेक्षा होती. परंतु रस्त्यात त्यांना जी मुले दिसली, त्यांनी हा बेत पालटून टाकला.

ही मुले दोन प्रकारची होती. महायुद्धाने पोरकी केलेली मुले अनाथगृहात राहत. त्यांना अन्नवस्त्र मिळे, पण कशातही त्यांचे मन रमत नसे. दुसरी मुले निराधार, टोळ्या करून भटकणारी, चोऱ्यामाऱ्यांवर जगणारी. रशियन भाषेत त्यांना ‘बेसप्रिझोर्निकी’, म्हणजे ज्यांच्यावर कोणाची देखरेख नाही अशी, म्हणत. लात्सिस यांनी प्रथम अनाथगृहातील मुलांना हाती घेतले. चित्रकला, संगीत, हस्तव्यवसाय, तालबद्ध व्यायाम, उच्चार आणि उत्स्फूर्त अभिनय असे वर्ग सुरू झाले. नाटक बसवावयाचे आहे, हे मात्र मुलांना सांगण्यात आले नाही.

हे मौन या प्रयोगाचे मर्म होय. ओर्योलच्या मुलांनी आपले नाटक आपणच रचले, असे स्थूलमानाने म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. नाटक आधी ठरलेले होते. ऑस्कर वाइल्ड यांच्या ताऱ्याच्या बालकाच्या कथेवरून मेयरहोल्ड यांनी सिद्ध केलेले ‘आलिनूर’ हे ते नाटक. त्यातील एकेक प्रसंग, तो नाटकातला आहे असे न सांगता, मुलांपुढे खेळ म्हणून ठेवला जाई. संहिता मोठ्यांची, उच्चार आणि हालचाल मुलांची, अशी ही विभागणी होती. भिकारीण झालेल्या आईला झिडकारणाऱ्या मुलाची ती कथा आहे. आई गमावलेल्या मुलांसाठी तीच निवडली जावी, ही गोष्ट अभ्यासकांनी सहज ओलांडून जाण्यासारखी नाही.

रस्त्यावरच्या मुलांनी आमंत्रणाची प्रथम थट्टाच केली. लात्सिस बाजारात जाऊन त्यांच्याशी बोलत राहिल्या. अखेर एके दिवशी टोळी आत शिरली, तेव्हा शेकोटीभोवती बसून बढाया मारणाऱ्या दरोडेखोरांचा प्रसंग चालला होता. खेळणारी मुले भेदरली. पाहुण्यांकडे लक्ष न देता पुढे चालू द्या, असे लात्सिस यांनी त्यांना सांगितले. थोड्या वेळाने म्होरक्याने खूण केली. टोळीने नटांना बाजूला सारले आणि खून, जाळपोळ, लूट यांच्या एकाहून एक भयंकर फुशारक्या सुरू झाल्या. दरोडेखोर असे असतात, हे त्यांनी त्या सभ्य मुलांना दाखवून दिले! रूढ शिक्षणशास्त्राप्रमाणे त्यांना तत्काळ थांबवावयास हवे होते. लात्सिस यांनी थांबविले नाही. टोळी पुन्हा आली, आणि पुढे नाटकाची मुख्य शक्ती तीच झाली.

ही हकीकत मुख्यतः लात्सिस यांच्याच शब्दांत उपलब्ध आहे, आणि ती छापली गेली अर्धशतकानंतर. त्यांचे आत्मकथन जर्मन भाषेत १९७१ मध्ये पुस्तकरूपाने निघाले. मधल्या काळात १९३८ ची अटक, कझाकस्तानातील दहा वर्षे आणि नंतर लाटवियातील वाल्मिएरा येथील नाट्यगृहाचे दिग्दर्शन एवढे सारे घडून गेले होते. इतक्या अंतरावरून सांगितलेला प्रसंग रेखीव होणे स्वाभाविक आहे. दरोडेखोरांच्या प्रवेशाच्या नेमक्या क्षणी खऱ्या चोरांनी आत यावे, हा योगायोग तर नाटककाराला शोभणारा आहे. तथापि तेवढ्यावरून तो कल्पित ठरत नाही.

या आठवणींच्या बरीच आधीची एक साक्ष आहे. वाल्टर बेन्यामिन यांची व लात्सिस यांची भेट १९२४ मध्ये काप्री बेटावर झाली, आणि पुढे १९२८-२९ च्या सुमारास बर्लिन येथील बालनाट्याच्या एका योजनेसाठी बेन्यामिन यांनी लात्सिस यांच्या अनुभवाच्या आधारे श्रमिकांच्या बालनाट्याचा कार्यक्रम लिहिला. तो सिद्धान्त आहे, वृत्तान्त नव्हे. प्रसंगांची खातरजमा त्यातून होत नाही. पण दिग्दर्शकाने शिकविण्यापेक्षा पाहावे, मुलाच्या हावभावाकडे संकेत म्हणून लक्ष द्यावे, हा त्यातील आग्रह ओर्योलच्या पद्धतीशी इतका जुळतो, की निदान ती पद्धती तरी म्हातारपणी रचलेली नव्हती असे मानण्यास आधार मिळतो.

प्रयोगाविषयी मात्र दोघांच्या कथनात छटाभेद दिसतो. बेन्यामिन यांना प्रयोग ही शिक्षणातील आनुषंगिक गोष्ट वाटते, कार्निव्हलसारखा एक विसावा. लात्सिस सांगतात त्याप्रमाणे, सुटे प्रसंग एकाच नाटकाचे आहेत हे कळल्यावर ते गावातील इतर मुलांना दाखविण्याची ओढ मुलांनाच लागली. मुखवटे आणि नाटकाचे सामान घेऊन त्यांची मिरवणूक ओर्योलच्या रस्त्यांतून उघड्या रंगमंचाकडे गेली, आणि वाटेत मुले व मोठी माणसे तिच्यामागून चालू लागली.