वरच्या हँडलची कुळकथा

नवा बूट किंवा नवं जाकीट बाजारात आणताना कंपन्या हल्ली ‘मेकिंग’चा व्हिडिओही काढतात आणि त्यासाठी मुद्दाम जुना हँडीकॅम शोधून आणतात. चौकोनी चित्र, फुटलेले रंग, कॅमेरा दिव्याकडे वळला की पडद्यावर उमटणारी उभी पांढरी रेघ. ती रेघ जुन्या सीसीडी सेन्सरची खूण.

याचं रूढ स्पष्टीकरण असं, की बारशा-लग्नाच्या कॅसेटी पाहून वाढलेल्यांना हे चित्र घरचं वाटतं. मला ते अपुरं वाटतं. घरच्या शूटिंगमध्ये कॅमेरा वडिलांच्या डोळ्यांच्या उंचीवर असतो आणि बहुतेक एका जागी उभा असतो. या व्हिडिओंत तो वारंवार गुडघ्याखाली उतरतो, जमिनीलगत माणसांमागे धावतो. ही उंची बारशातून आलेली नाही. ती स्केटबोर्डवरून आली, असं माझं ठाम मत आहे.

हँडीकॅमचा प्रवास सर्वांना ठाऊक आहे: १९८३ची सोनीची बीटामूव्ही, जिच्यावर काढलेलं तिच्यावरच पाहता येत नसे, १९८५चा व्हिडिओ-८, मग १९९५ची सोनी व्हीएक्स१०००. थांबायचं ते इथे. या कॅमेऱ्याला तीन सीसीडी होते, मिनी-डीव्ही कॅसेटवरचं चित्र फायरवायरने थेट संगणकात उतरत असे, आणि मुख्य म्हणजे त्याला वर पक्कं हँडल होतं. हँडल धरून हात खाली सोडला की भिंग जमिनीपासून वीतभर उंचीवर येई. त्यावर फिशआय भिंग चढवायचं, स्वतः बोर्डवर उभं राहायचं आणि मित्राच्या मागे सुटायचं. स्केटबोर्डच्या पोरांनी हा कॅमेरा इतका आपलासा केला, की सोनीने पुढची मॉडेल्स आणल्यावरही कित्येकांनी तो सोडला नाही.

स्केटबोर्डची ही चित्रं कंपन्यांचीच होती, हे मात्र सहसा विसरलं जातं. १९८४चा ‘द बोन्स ब्रिगेड व्हिडिओ शो’ पॉवेल पेराल्टा या स्केटबोर्ड बनवणाऱ्या कंपनीने काढला. दिग्दर्शक स्टेसी पेराल्टा कंपनीचा भागीदार. माल विकायचा, पण दाखवायची ती आपली पोरं, त्यांची टवाळकी आणि त्यांचं आपटणं. स्वतःचं काम दाखवण्याची हौस अर्थात फार जुनी. आपल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१७ मध्ये ‘चित्रपट कसे तयार करतात’ काढला, त्यात ते स्वतः काम करताना दिसतात. पण तिथे भर विद्या समजावण्यावर आहे. फसलेली उडी अभिमानाने मिरवायची, ही स्केटबोर्डवाल्यांची रीत.

माझ्या या मताला खरा तगडा प्रतिस्पर्धी आहे १९९९चा भयपट ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’. त्यातली मुलं आपला माहितीपट १६ मिलिमीटरच्या कृष्णधवल फिल्मवर काढतात आणि मधल्या वेळेतलं, कॅमेऱ्यामागचं सगळं हाय-८ हँडीकॅमवर. फिल्म म्हणजे कलाकृती, हँडीकॅम म्हणजे तिच्यामागचं सत्य, ही विभागणी याहून स्वच्छ मला कुठे दिसली नाही. पण तिथला हँडीकॅम भीतीचा साक्षीदार आहे. बूट विकणाऱ्याला भीती नको, उनाड मैत्री हवी. ती ‘बोन्स ब्रिगेड’मध्ये पंधरा वर्षं आधीच होती.

स्केटबोर्डच्या गल्लीतून हे चित्र बड्या कंपन्यांच्या दारी पोचलं कसं? माणसांबरोबर, असा माझा कयास. दिग्दर्शक स्पाइक जोन्झने १९९१ मध्ये ब्लाइंड या स्केटबोर्ड कंपनीसाठी ‘व्हिडिओ डेज’ केला. पुढे त्याच माणसाने आदिदास, गॅप, ॲपलच्या जाहिराती केल्या. २००९ मध्ये लंडनला सुरू झालेल्या पॅलेस कंपनीने व्हीएचएसच्या काळातलं खरबरीत चित्र ही आपली ओळखच केली, आणि काही वर्षांत आदिदासने तिच्याशी हातमिळवणी केली. आता मोठ्या कंपनीला या चित्राची लाज वाटण्याचं कारण उरलं नव्हतं.

एक गोष्ट मात्र मी घरच्या कॅसेटींच्या पदरात टाकतो: या ‘मेकिंग’ व्हिडिओंत कधीकधी दिसणारी कोपऱ्यातली तारीख. ती वाढदिवसाच्या शूटिंगमधूनच आली असणार, कारण स्केटबोर्डच्या व्हिडिओंत ती सहसा दिसत नाही.