दीडशेची नाडी

1974 चा आषाढ. हेमलकसा. पर्लकोटेला पूर आला आहे, पलीकडचं भामरागड तुटलं आहे, आणि तुम्ही कुडाच्या खोपटात एका चाळिशीच्या माडिया माणसाच्या मनगटावर बोटं ठेवून बसला आहात. लोकबिरादरी प्रकल्प सुरू होऊन अजून वर्ष झालेलं नाही. वीज नाही, कंदील आहे. त्याचा मुलगा तुटक मराठीत सांगतो, "छातीत खूप धडधडते म्हनते. तीन दिस झाले."

तुम्ही घड्याळ लावून मोजता. मिनिटाला दीडशे. त्याला आडवं करता, पेज पाजता, तासाभराने पुन्हा मोजता. दीडशे. झोप लागल्यावरही दीडशेच. भीतीने किंवा तापाने पळणारी नाडी अशी एका आकड्याला चिकटून राहत नाही, विसाव्याने ती थोडी तरी उतरते. ही उतरत नाही. ती का उतरत नाही, हे समजून घ्यायला आणखी मागे चला.

लंडन, 1920. थॉमस लुईस यांची प्रयोगशाळा. चुंबकाच्या दोन टोकांमध्ये चांदीचा मुलामा दिलेला क्वार्ट्झचा तंतू ताणून बसवला आहे. आइन्थोव्हेन यांचं हे यंत्र हृदयातली इवलीशी वीज कागदावर उतरवतं. नऊ वर्षांपूर्वी एडिंबरात जॉली आणि रिची यांनी या तालाचा, म्हणजे फ्लटरचा, आलेख दाखवून त्याला फायब्रिलेशनपासून वेगळं काढलं होतं. लुईस यांचा प्रश्न पुढचा आहे: ही विजेची लाट जाते कुठे? कुत्र्याच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यावर ते ठिकठिकाणी तारा टेकवतात आणि लाट कुठे आधी पोचली, कुठे नंतर, हे टिपत जातात. तुम्ही त्यांच्या खांद्यावरून पाहता. लाट संपतच नाही. मोठ्या शिरांच्या तोंडांभोवती फिरून ती निघाल्या जागी येते आणि पुन्हा निघते.

आता दीडशेचं गणित सुटतं. अलिंदात, म्हणजे वरच्या कप्प्यात, लाट मिनिटाला सुमारे तीनशे फेऱ्या मारते. खालच्या कप्प्यांकडे जाणाऱ्या वाटेवरची गाठ त्यातली प्रत्येक दुसरी लाट अडवते. मनगटाला उरतात दीडशे.

हे घेऊन हेमलकशाला परता. मानेतल्या धमनीला नळी लावून ऐका. फुरफुर नाही ना, याची खात्री करा आणि मगच एका बाजूने हलकेच दाबा. नाडी एकदम पंचाहत्तरवर येते, काही क्षण टिकते आणि पुन्हा दीडशे. अलिंद थांबलेलं नाही, गाठीने फक्त जास्त लाटा अडवल्या. फ्लटरच आहे, हे बोटांनी जवळजवळ नक्की केलं. पण लाट कोणत्या वाटेने फिरते आहे, उजव्या कप्प्यात की डाव्या, हे बोटाला कधीच कळणार नाही. त्याला कागद लागतो.

म्हणून आजच्या चंद्रपुरात या. हातात बारा लीडचा ईसीजी आहे. गुलाबी कागदावरचा एक मोठा चौकोन म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग, म्हणून तीनशेच्या लाटा बरोबर एकेका चौकोनावर येतात. आता लीड टू, थ्री आणि एव्हीएफ पाहा. करवतीचे दाते खाली झुकलेले, आणि व्ही-वनमध्ये मात्र छोटी लाट वर उठलेली? मग बहुधा हा नेहमीचा फ्लटर आहे: उजव्या अलिंदात, त्रिदली झडपेच्या कड्याभोवती, घड्याळाच्या उलट दिशेने. दोन्ही चिन्हं उलटी असतील तर वाट बहुधा तीच, दिशा उलटी. लुईस यांना फेरी दिसली, पण माणसात नेहमीचं कडं झडपेभोवतीचं आहे, हे ठरायला पुढची कित्येक दशकं लागली.

एवढ्या वाचनाने माणसाचा पुढचा प्रवास बदलतो, म्हणून मी त्यावर अडून बसतो. नेहमीच्या फ्लटरमध्ये लाटेला झडप आणि खालची महाशीर यांमधल्या चिंचोळ्या पट्टीतून जावंच लागतं. मांडीच्या शिरेतून नळी नेऊन ती पट्टी डागली की फेरी तुटते, दहापैकी नऊहून अधिक जणांत. वाट वेगळी असेल तर आधी कप्प्याचा नकाशा काढावा लागतो, काम लांबतं आणि त्यासाठी वेगळी तयारी लागते. सिरोंच्याहून मजुरी बुडवून निघालेल्या माणसाला हे डागणीसाठी नागपुरात पोचल्यावर नव्हे, निघण्याआधी सांगता आलं पाहिजे.

आता पुढच्या बाकावरच्या बाईंचा कागद घ्या. दाते तसेच, सुबक, खाली झुकलेले. घाई करू नका. पदराआड, छातीच्या मधोमध उभा व्रण आहे. लहानपणीच्या सांधेतापाने झडप बिघडली होती, तिचं ऑपरेशन झालेलं. हृदयावरच्या टाक्यांच्या व्रणाभोवतीही लाट फिरू शकते, आणि अशा हृदयात नेहमीची वाटसुद्धा कागदावर अनोळखी दिसू शकते. इथे अंदाज पेन्सिलीने लिहायचा.

प्रकार कोणताही असो, थांबलेल्या रक्तात गुठळी होऊन ती मेंदूत जाण्याची भीती असतेच. रक्त पातळ ठेवण्याच्या औषधाचा निर्णय नागपूरच्या तारखेची वाट पाहत ठेवू नका. मग चिठ्ठी लिहा: दात्यांची दिशा, व्ही-वनमधली लाट, आधीचं ऑपरेशन किंवा डागणी, सुरू असलेली औषधं. आणि मूळ कागद चिठ्ठीला टाचून द्या.