बंद पडणे आणि बंद करणे

मराठीत गाडीचे इंजिन दोन तऱ्हांनी थांबते. ते 'बंद पडते', नाहीतर आपण ते 'बंद करतो'. पहिल्यात संकट आहे, दुसऱ्यात निर्णय. गेल्या काही वर्षांत या दोन्हींत न बसणारी तिसरी तऱ्हा रस्त्यावर आली. गाडी उभी राहिली, गिअर न्यूट्रलमध्ये गेला, क्लचवरचा पाय निघाला की इंजिन आपोआप थांबते आणि क्लच दाबताच पुन्हा सुरू होते. तिला 'स्टार्ट-स्टॉप' म्हणतात. एरंडोल, पारोळा, धरणगाव या पट्ट्यात ही सोय असलेल्या पिकअपवर चालक बसला, की चावी फिरवल्यावर पुष्कळदा ती सोय बंद करण्याचे बटण आधी दाबतो. काही जण तर गॅरेजमध्ये वायर काढून हा विषय कायमचा मिटवतात. डिझेल वाचवणारी गोष्ट माणसे मुद्दाम का बंद करतात? याला अडाणीपणा म्हणून मोकळे होता येते. पण या सवयीमागे शंभर वर्षांचा इतिहास आहे.

मोटारीच्या पहिल्या काळात इंजिन सुरू करणे हे अंगमेहनतीचे काम होते. पुढून हॅन्डल घालून ते फिरवावे लागे. हॅन्डल उलटे फिरले तर मनगट मोडे. चार्ल्स केटरिंग याने तयार केलेला विजेचा स्टार्टर 1912 च्या कॅडिलॅक मोटारीत बसला आणि ही मेहनत संपू लागली. आपल्याकडे मात्र हॅन्डल बराच काळ टिकले. महिंद्रने 1947 साली मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. त्या जीपला पुढून हॅन्डल घालण्याची सोय होती. पुढे मॅटाडोर आणि टेम्पोच्या काळात 'सेल्फ मारणे' रूढ झाले, तरी बॅटरीचा भरवसा नव्हता. म्हणून गाडी रात्री उतारावर लावायची, सकाळी चार जणांनी धक्का मारायचा, आणि वाटेत थोड्या वेळासाठी थांबायचे असेल तर इंजिन चालूच ठेवायचे. सुरू इंजिन म्हणजे हातातला ऐवज. तो उगाच कोण सोडील? टर्बो बसवलेली डिझेल इंजिने आली तेव्हा या सवयीला नवा आधार मिळाला. ओझे ओढून आलेले इंजिन एकदम बंद करू नका, मिनिटभर चालू द्या, म्हणजे टर्बोच्या बेअरिंगला तेल मिळत राहील, असा सल्ला मेकॅनिक देत आणि तो बरोबर होता.

दुसऱ्या बाजूने इंधनाची टंचाई आली. 1973 च्या तेलसंकटानंतर जगभर थेंबाथेंबाचा हिशेब सुरू झाला. 1974 मध्ये टोयोटाने क्राउन मोटारीवर आपोआप थांबणाऱ्या इंजिनाचा प्रयोग केला. फोक्सवॅगनने 1990 च्या दशकात गोल्फ 'इकोमॅटिक' विकायला आणली, पण तिला गिऱ्हाईक मिळाले नाही. भारताने दुसरी वाट धरली. 1978 मध्ये स्थापन झालेल्या पेट्रोलियम कॉन्झर्व्हेशन रिसर्च असोसिएशनने वर्षानुवर्षे चालकालाच सांगितले, की सिग्नलला इंजिन बंद करा. दिल्ली सरकारने ऑक्टोबर 2020 मध्ये लाल दिवा लागला की गाडी बंद करण्याची मोहीम काढली, तेव्हाही विनंती माणसालाच होती. म्हणजे आपल्याकडे इंजिन थांबवणे हे चालकाचे शहाणपण मानले गेले.

ते शहाणपण यंत्राच्या हाती देण्याची सुरुवात भारतात महाराष्ट्रातूनच झाली. नाशिकला बनणाऱ्या स्कॉर्पिओमध्ये महिंद्रने 2008 साली 'मायक्रो हायब्रिड' नावाने ही व्यवस्था आणली. मागोमाग ती बोलेरोत आली आणि मालवाहू बोलेरोच्या काही रूपांतही पोचली. तिच्यासाठी दणकट स्टार्टर, पुन्हापुन्हा सुरू होणे सोसणारी बॅटरी आणि बॅटरीची अवस्था मोजणारा सेन्सर लागतो. इंजिन थंड असेल किंवा बॅटरी उतरली असेल तर व्यवस्था स्वतःच गप्प बसते. यंत्र म्हणून ती बावळट नाही.

प्रश्न आहे तो ती कोणत्या थांब्यासाठी घडली याचा. गाडीचे मायलेज प्रयोगशाळेत ठरावीक चक्रावर मोजतात. आपले चक्र युरोपच्या जुन्या चक्रावरून घेतलेले आहे. त्याच्या शहरी भागात जवळजवळ तीन-दशांश वेळ गाडी नुसती उभी असते. तिथे इंजिन थांबले की कागदावर बचत दिसतेच. प्रवासी मोटारींसाठी 2017 पासून लागू झालेल्या इंधन-निकषांत स्टार्ट-स्टॉप असलेल्या गाडीला सवलतही आहे. कित्येक गाड्यांत रोज चावी फिरवली की ही सोय पुन्हा चालू होते, त्याचेही मूळ इथेच आहे. ज्या अवस्थेत गाडीची परीक्षा झाली, तीच तिची मूळ अवस्था ठरते.

एरंडोल जुन्या राष्ट्रीय महामार्ग 6 वर, म्हणजे आताच्या 53 वर आहे. जळगावहून सुमारे 30 किलोमीटर. इथल्या पिकअपला दिवसाकाठी सिग्नल किती लागणार? जळगावात शिरली तर दहा धरू. छोटे डिझेल इंजिन उभ्या गाडीत चालताना तासाला साधारण पाऊण लिटरच्या आत-बाहेर डिझेल खाते. वीस सेकंदांच्या एका थांब्यात चार मिलिलिटर वाचतात. दहा थांब्यांचे झाले चाळीस. लिटरला 90 रुपये धरले तरी दिवसाची बचत साडेतीन रुपये. त्यासमोर खास बॅटरीचा जास्तीचा खर्च ठेवा. उन्हाळ्यात पारा 45 अंशांवर जाणाऱ्या जळगाव जिल्ह्यात कोणतीही बॅटरी लवकर म्हातारी होते, हेही त्यात धरा.

खान्देशातल्या मालगाडीचे खरे थांबे दोन प्रकारचे असतात. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या फाटकावर रांग पुढे सरकते ती दहा-दहा फुटांनी. तिथे इंजिन दर वेळी थांबणे आणि सुरू होणे म्हणजे स्टार्टरची परवड. आणि रांग तासभर हललीच नाही, तर चालक स्वतःच चावी फिरवून उतरतो आणि चहा घेतो. तिथे यंत्राने त्याला शिकवण्यासारखे काही उरत नाही. तिसरी जागा घाटाची. चाळीसगावहून औट्रम घाटाने कन्नडकडे माल भरून चढणारी पिकअप वाहनकोंडीत अडकली, तर चढावर इंजिन थांबणे चालकाला नकोच असते. इंजिन थांबले की हायड्रॉलिक स्टिअरिंग जड होते, आणि ब्रेकला जोर देणारी निर्वात पोकळी काही वेळा ब्रेक दाबण्यापुरतीच शिल्लक राहते. व्यवस्थेत यावर पहारा असतो, पण मागे दीड टन माल असताना माणूस पहाऱ्यावर विसंबत नाही. अमेरिकेतल्या फोर्ड एफ-150 या पिकअपमध्ये 2015 पासून ही सोय आली, तीही गाडी ट्रेलर ओढत असली की आपोआप बाजूला होते. ओझ्याखाली वेगळा न्याय लागतो, हे तिथल्या अभियंत्यांनीही मान्य केले आहे.

तिथे हा वाद पुढे राजकारणातही गेला. मे 2025 मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या प्रमुखांनी ही सोय लोकांना आवडत नाही, असे सांगून तिला मिळणाऱ्या सवलतींवर बोट ठेवले. पण आपल्या चालकाचे बटण त्या राजकारणाशी जोडू नये. मुंबई-पुण्याच्या सिग्नलांवर दिवसभर फिरणाऱ्या गाडीत हीच सोय डिझेल वाचवते आणि शेजारी उभ्या माणसाच्या छातीत जाणारा धूरही कमी करते. तिथे ती बंद करणे चूकच.

म्हणून वायर तोडण्यापेक्षा बटण बरे. वायर तोडली की डॅशबोर्डवर इशाऱ्याचा दिवा पेटून राहतो, वॉरंटीचा वाद उभा राहतो, आणि हीच गाडी उद्या शहरात विकली गेली तर तिथली बचतही मेलेली असते. बटण दाबले, किंवा थांबल्यावर क्लच दाबून धरला, तर तेवढ्यापुरते भागते. धरलेला क्लच झिजतो, तेव्हा बटण अधिक चांगले. आणि पिकअप बनवणाऱ्यांनी चालकाने केलेली निवड चावी काढल्यावरही गाडीच्या लक्षात राहील एवढे केले, तर गॅरेजमधल्या पक्कडीचे काम बरेच कमी होईल.

हॅन्डल मारणाऱ्या पिढीला इंजिन बंद पडण्याची भीती होती, सेल्फच्या पिढीला ते बंद करण्याचा अधिकार मिळाला. एरंडोलचा चालक बटण दाबतो तेव्हा तो हा अधिकार राखत असतो. डिझेलचे पैसे त्याच्या खिशातून जातात, आणि आपण कुठे किती वेळ उभे राहणार आहोत हे त्या गाडीत फक्त त्यालाच ठाऊक असते.