मनीचे दात, डुकराचे केस

रोज रात्री जेवणं झाली की आमच्याकडे एक छोटी लढाई होते. एका बाजूला मी, हातात तान्ह्या बाळाचा मऊ ब्रश; दुसऱ्या बाजूला चार किलोची चिमी. तिची पाठ माझ्या पोटाला टेकवायची, अंगठ्यानं ओठ जरा वर करायचा आणि गालाकडच्या बाजूनं दात घासायचे. आतली बाजू बरीचशी तिची खरखरीत जीभच सांभाळते. अर्धं मिनिट मिळालं तर मी जिंकलो.

आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "आता संध्या पण शिकव तिला!"

हसू आलं, पण मग त्या ब्रशकडेच बघत बसलो. इंग्लंडात विल्यम अ‍ॅडिसनं १७८० च्या सुमारास दात घासायचे ब्रश विकायला सुरुवात केली. तुरुंगात असताना झाडू बघून त्याला ते सुचलं, असं सांगतात. मूठ हाडाची आणि केस डुकराचे! थंड मुलखातल्या, म्हणजे सायबेरिया आणि उत्तर चीनकडच्या डुकरांचे केस चांगले राठ, म्हणून त्यांना मागणी. आमच्या पणजोबांसमोर असला ब्रश धरला असता तर काय झालं असतं, कल्पना करा. त्यांची आपली बाभळीची काडी बरी. नायलॉनचा ब्रश आला १९३८ मध्ये. नायलॉन शोधणारा कॅरोथर्स त्याच्या आदल्याच वर्षी गेला होता. असो.

म्हणजे जनावराचे केस माणसाच्या तोंडात दीडशे वर्षं फिरले. पण जनावराच्या स्वतःच्या दातांचं काय? बैलबाजारात दात बघत होतेच की! दोन दाती, चार दाती, जुळलेला... त्यावर वय ठरायचं आणि वयावर किंमत. मांजराला कुठली किंमत? मग तिचं तोंड कोण उघडून बघणार? जनावरांच्या दातांसाठी डॉक्टरांची वेगळी संघटना अमेरिकेतसुद्धा निघाली ती १९७६ साली.

चिमीची पेस्ट चिकनच्या चवीची आहे. मांजराला गोड कळतच नाही. त्या चवीचं जनुकच निकामी असतं, हे २००५ मध्ये सिद्ध झालं. आपली पेस्ट चालत नाही, कारण तिला चूळ भरता येत नाही, सगळं पोटात जातं.

आमच्या गावच्या घरी मनी होती. शेवटी शेवटी ती ताटलीशी धावत यायची, एक घास घ्यायची आणि फिस्स करून मागे उडी मारायची. पंजानं तोंड घासत बसायची, लाळ गळायची. आम्ही म्हणायचो, नखरे वाढलेत. आजी म्हणायची, "वय झालं रे तिचं." आजी स्वतः मिश्री लावायची, तिच्याही तोंडात चारच दात उरले होते. ती भाकरी दुधात कुस्करून खायची आणि त्यातलीच थोडी मनीपुढे ठेवायची. तेवढीच मनी खायची. एवढं बघूनही आमच्यापैकी कुणी तिचं तोंड एकदासुद्धा उघडून पाहिलं नाही. एका पावसाळ्यात ती गेली ती परत आलीच नाही.

काल चिमीचा ब्रश जरा लालसर निघाला. डावीकडे, मागच्या मोठ्या दातापाशी. उद्या सकाळी नऊची वेळ घेतली आहे.